रावअण्णांची सत्तावीस कलमं

माफी आधी मागतो. लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शाळा कन्नडमधून झाली. मराठी घरात बोललो, पण लिहायला शिकलो ते आईकडून. ती निपाणीकडच्या शाळेत सातवीपर्यंत गेली होती. गावाहून येणाऱ्या लोणच्याच्या बरण्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असायच्या. ती पानं सरळ करून मी वाचायचो, हेच माझं मराठीचं शिक्षण. याआधी आयुष्यात मी एकच मोठा मजकूर तयार केला होता, अकरा पानांचा, आणि त्यापायी आमच्या घराचं छत जायची वेळ आली होती. म्हणून बेंगळूरच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘ओळखीतल्या एका माणसाबद्दल लिही’ असं सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण रावअण्णांनी सांगितलेलं एक काम माझ्याकडून राहून गेलं आहे.

रावअण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. समोर माणूस नमस्कार करत उभा असला तरी यांची मान वर. छताचा एक कोपरा, दुसरा कोपरा, पंख्याचा हुक, मग भिंतीवरून सावकाश खाली येत नजर माणसापर्यंत पोचायची. के. आर. पुरमच्या पलीकडे आम्ही पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहत होतो. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हाही वर बघितलं. वर नुसता पत्रा. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

“वर काही बघण्यासारखं नाही,” ते म्हणाले. “चला, खाली बघू या. नमस्कार, अक्का.”

आई हसली आणि रावअण्णा आमचे झाले.

त्यांचं नाव माधोजीराव. काँक्रीटची कामं घ्यायचे. पाया, पिलर, स्लॅब. साठीच्या पुढचे, बुटके, चष्म्याला दोरी, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. बाबांनी मराठी ऐकून विचारलं, “कुठल्या गावचं म्हणायचं तुम्ही?”

“बेंगळूरचं.”

“व्हय, पर त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी घोड्यावर होतो की. उतरलो ते इथंच.”

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं होतं की कुठे काय सुरू होतं ते कळायचं नाही. ‘स्वल्प थांब’, ‘सरी’ म्हणजे ठीक, ‘नोडप्पा’ म्हणजे बघ बाबा, हे तर श्वासासारखे. बाबांची मराठी निपाणीची, रावअण्णांची बेंगळूरची. दोघं एकमेकांना अण्णा म्हणायचे.

बाबांचा धंदा इस्त्रीचा. मोठ्या अपार्टमेंटच्या फाटकाशेजारी, झाडाखाली त्यांची गाडी. पंचवीस वर्षं उभ्याने कोळशाची इस्त्री फिरवून त्यांनी त्याच रस्त्याच्या टोकाला वीस बाय तीसची साइट घेतली. प्लॉटला इकडे साइटच म्हणतात. तिच्यावर एक मजला बांधायचा, बस. त्या पंचवीस वर्षांत बाबांनी कुणाला चिठ्ठी दिली नव्हती. शंभर घरांचे कपडे, सगळे डोक्यात. त्यामुळे रावअण्णांनी खोलीत बसल्या बसल्या एक्स-रेचा मोठा पिवळा लखोटा उघडून त्यातून करारनामा काढला, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला.

“कागद कशाला, अण्णा? मी काय चोर दिसतोय?”

“छे छे.”

“शंभर घरांची कापडं येत्यात माझ्याकडं. कुणाचा रुमाल बदललाय आजवर? शब्द म्हंजे शब्द.”

“रुमाल बदलला तर परत देता येतो, अण्णा. पिलर बदलला तर?”

“म्हंजे मी शब्द फिरवीन म्हनताय?”

“तुम्ही नाही फिरवणार. मी फिरवीन. माझं वय बघा की. सकाळी चष्मा कुठं ठेवला ते दुपारी सांगता येत नाही मला. तुमची खिडकी कुठं ठेवायची ते कसं लक्षात राहणार?”

 रावअण्णा पुढे सरकले आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. “भांडायचं ते आत्ता भांडू या. सिमेंट भिजल्यावर मला वेळ नसतो.”

तो करारनामा मी तोवर पाहिलेल्या कुठल्याही कागदासारखा नव्हता. चार पानं, मधोमध रेघ, डाव्या बाजूला कन्नड, उजवीकडे मराठी. तमिळ किंवा हिंदी मालकासाठी उजवी बाजू बदलायची. एकूण सव्वीस कलमं. शेवटचं सोडून प्रत्येक कलमाला गावाचं किंवा घराचं नाव, आणि खाली हिरव्या शाईत तेच तीन शब्द: ‘चूक: ठेकेदाराची. मान्य.’ हातून एखादं काम चुकलं की रावअण्णा त्या चुकीचं कलम करायचे आणि पुढच्या सगळ्या करारांत ते घालायचे. चाळीस वर्षांतल्या चुका त्यांनी अशा जपून ठेवल्या होत्या. “चूक एकदा झाली तर माझी,” ते म्हणायचे, “दुसऱ्यांदा झाली तर कागदाची. आणि कागदाला लाज नसते, म्हणून दुसऱ्यांदा होऊ द्यायची नाही.”

त्या संध्याकाळी त्यांनी तीन-चार कलमं गोष्टींसकट सांगितली. अकरावं कलम ‘मल्लेश्वरम’. तिथल्या एका मालकाला अंगणातला नारळ तोडायचा नव्हता. रावअण्णांनी स्लॅबमध्ये खोडाच्या मापाचं गोल भोक ठेवलं, अगदी घट्ट, कंपासने काढल्यासारखं. सगळ्या गल्लीने कौतुक केलं. मग वारा सुटला.

“झाड हलतं हे मी विसरलो, अक्का. माणूस शहाणा झाला की असं सोपं विसरतो. दर वाऱ्याला खोड स्लॅबला धडका द्यायचं, धड् धड्. मालकाच्या आईला वाटलं, खाली कोण दार वाजवतंय. ती म्हातारी ‘आले, आले’ म्हणत आठ दिवस दार उघडत होती.”

आई पदर तोंडाला लावून हसत होती. कलम असं होतं: ‘झाड ठेवायचं असल्यास चारी बाजूंना एक वीत जागा सोडावी, झाड वाढतं आणि हलतं.’

चौदावं कलम ‘येलहंका’. स्लॅबच्या दिवशी कामगारांना मालकाने जेवण द्यायची पद्धत आहे. येलहंक्याच्या मालकाने उपीट दिलं. माणसं कोंबडीच्या आशेवर सकाळपासून घमेली उचलत होती. उपीट बघून त्यांचे हातच चालेनात आणि अर्धा स्लॅब संध्याकाळपर्यंत लांबला. तेव्हापासून कलम: ‘जेवणात काय आहे ते मालकाने आदल्या दिवशी सांगावं. उपीट असल्यास ठेकेदार आपली माणसं तशी तयार करून आणील.’

“आणि हे सव्विसावं,” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे चुकीचं नाही, हौसेचं. ‘एका वर्षाने ठेकेदार येऊन छत पाहील. मालक एक चहा देईल.’”

करार नेहमी ते साइटवर उभं राहून मोठ्याने वाचायचे. मालकीणबाईंना जिथे स्वयंपाकघर होणार तिथे उभं करायचे, मालकाला दाराच्या जागी, शेजाऱ्यांना रस्त्यावर. प्रत्येक कलमानंतर ‘सरी?’ विचारायचे आणि पहिलं ‘सरी’ बाईंनी म्हणायचं. “घरात जास्त वेळ जो राहणार, त्याने आधी हो म्हणायचं.” तसं रविवारी करायचं ठरलं. निघताना त्यांनी ती चार पानं माझ्या हातात दिली.

“तू काय शिकतोस?”

“बी.कॉम. दुसरं वर्ष.”

“अरे वा. मग तू आधी वाच. काय चुकलंय बघ. आम्ही मेस्त्री लोक, नोडप्पा. वाक्य उभं राहतं, पण ओळंब्यात नसतं.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘बीकॉम’ झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आता माझं सांगतो. मी मल्लेश्वरमच्या कॉलेजात तेव्हा व्यापारी कायद्याचा पेपर शिकत होतो. करार म्हणजे काय याची व्याख्या मला पाठ होती. त्या चार पानांत उपीट, हलणारं झाड आणि चहा वाचून मला लाज वाटली. उद्या काही झालं तर हे कोर्टात कोण धरणार? मी इंटरनेटवरून इंग्रजी करारनामे शोधले, तुकडे जोडले, टायपिंगच्या दुकानात जाऊन अकरा पानं छापून आणली. कडेला लाल रेघ, प्रत्येक पानाखाली सहीची जागा. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वाक्यं मलाही कळत नव्हती. पण ती कागदावर फार भारदस्त दिसत होती.

रविवारी साइटवर बाबांनी ती पानं हातात घेतली. कागदाच्या नावाने चिडणारा माणूस प्रत्येक पानावरून हात फिरवत होता, जसा तो नव्या शर्टाच्या कॉलरवरून फिरवतो. “अकरा पानं, अण्णा,” ते रावअण्णांना म्हणाले. “आमच्या पोरानं लिवल्यात.”

रावअण्णांनी चष्मा लावला, काढला. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. “माझ्या कागदातलं सगळं आहे ना रे यात, बीकॉम?”

“आहे, अण्णा.”

“सगळं?”

“सगळं.”

सगळं नव्हतं. मी निम्मी कलमं गाळली होती. बाबांचा चेहरा तेव्हा असा उजळलेला होता की मला खरं बोलवलं नाही.

“माझा बाप अंगठा उठवायचा,” रावअण्णा म्हणाले. “मी चार पानं लिहिली. हा अकरा लिहितो. चांगलं चाललंय की जगाचं.” आणि त्यांनी अकराही पानांवर सह्या केल्या. वाचन झालंच नाही. ‘सरी’ म्हणायला स्वयंपाकघराच्या जागी जाऊन उभी राहिलेली आई तशीच परत आली.

पाया झाला, पिलर उभे राहिले, भिंती आल्या. स्लॅबचा दिवस ठरला तो ऐन उन्हाळ्यात, आणि तो उन्हाळा बेंगळूरकरांना चांगला आठवत असेल. बोअरवेल कोरड्या पडल्या होत्या. टँकरवाले फोन उचलत नव्हते. आमच्या साइटवर जमिनीखालची टाकी होती, तिला इकडे संप म्हणतात. तो भरून ठेवायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. एक टँकरवाला मला रोज “उद्या नक्की” म्हणत होता. त्याचे चार उद्या होऊन गेले होते.

स्लॅबच्या सकाळी रेडीमिक्सची गाडी आली. तिचा ढोल फिरत होता, पाईपमधून काँक्रीट वर चढत होतं, आणि वर लोखंडाच्या जाळीवर अनवाणी उभे रावअण्णा खाली वाकून ओरडले, “बीकॉम! पाणी?”

मी ओरडलो, “लिहिलंय, अण्णा!”

त्यांनी हात वर केला. “सरी!”

त्यांच्या करारात बाविसावं कलम होतं: ‘संपात भरलेलं पाणी डोळ्यांनी पाहून, कागदावर खूण करूनच काँक्रीट सुरू होईल.’ त्यांच्या हिशेबात ‘लिहिलंय’ म्हणजे ‘पाहिलंय’. पाहिल्याशिवाय त्यांच्या कागदावर काही लिहिलं जातच नसे. माझ्या अकरा पानांत त्या जागी एक गुळगुळीत वाक्य होतं, ‘मालक आवश्यक त्या सुविधा पुरवील.’ मी तेवढं लिहिलं होतं, म्हणून मी खोटं बोललो असं मला त्या क्षणी वाटलंही नाही.

दुपारपर्यंत छत झालं. आईने सगळ्यांना कोंबडी-भात वाढला. ते कलम माझ्या करारात नव्हतं. पण पहिल्या भेटीच्या संध्याकाळी येलहंक्याची गोष्ट तिने ऐकली होती, आणि ऐकलेलं ती विसरत नाही. बाविसाव्या कलमाची गोष्ट त्या संध्याकाळी सांगायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावअण्णा स्लॅबवर सिमेंटचे छोटे वाफे घालायला आले. नव्या स्लॅबवर असे वाफे करून त्यांत तीन आठवडे पाणी उभं ठेवतात, त्याला क्युरिंग म्हणतात. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. पहिल्या दिवसांत ते उन्हात कोरडं पडलं तर बारीक चिरा जातात आणि छत जन्मभर गळतं. वाफे झाले. रावअण्णांनी संपाचं झाकण उघडलं. तळाला वीतभर पाणी होतं.

“बीकॉम,” ते शांतपणे म्हणाले, “बाविसावं कलम वाच.”

मी अकरा पानं घेऊन उभा राहिलो. “यात बाविसावं नाही, अण्णा.”

“मग कितवं आहे?”

“नाहीच. मी गाळलं. तुम्ही विचारलं तेव्हा सगळं आहे म्हणालो. ते खोटं होतं.”

बाबा मागे उभे होते. ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसले. मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. एवढंच म्हणाले, “अकरा पानं, रं.”

मला वाटलं, रावअण्णा आता हात झटकतील. माझ्या करारानुसार त्यांची कसलीच जबाबदारी नव्हती. एका पानावर तसं ठळक अक्षरांत होतं, ते वाक्य तेवढं मला कळलं होतं. पण त्यांनी वर बघितलं, ऊन किती चढलंय त्याचा अंदाज घेतला आणि बाबांकडे वळले.

“अण्णा, बसलात कशाला? हे तुमचंच काम की. कापड कडक करायचं तर आधी काय करता?”

“पानी शिंपडतो.”

“मग शिंपडा. आणि चादरी आणा, टेबलावरच्या.”

बाबा उठले. इस्त्रीच्या टेबलावर अंथरायच्या जाड सुती चादरी, जुनी धोतरं, शेजाऱ्यांची पोती, सगळं आलं. संपातल्या वीतभर पाण्यात आणि आईच्या घागरींत ती भिजवून आम्ही स्लॅबवर अंथरली. दुपारपर्यंतची सोय झाली. मग रावअण्णांनी लखोटा काखेत मारला आणि बाबांना घेऊन अपार्टमेंटच्या फाटकाकडे निघाले. मी मागून गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण तिथे थांबणं शक्य नव्हतं.

त्या अपार्टमेंटमध्ये सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. शुद्ध झालेलं पाणी झाडांना घालूनही उरायचं आणि गटारात जायचं. बाबांना ते पंचवीस वर्षं शेजारी उभं राहून ठाऊक होतं, पण मागायचं कधी सुचलं नव्हतं. रावअण्णांनी तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमकडे तेच पाणी मागितलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. बाबांच्या हातच्या कडक साड्या नेसणाऱ्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, “देईन हो, पण बाहेर पाणी द्यायचा रूल नाही. उद्या कुणी विचारलं तर?”

“रूल नाही म्हणूनच कागद करू या, मॅडम,” रावअण्णा म्हणाले. “आत येताना तुमचा रॅम्प बघितला. काठ गेलाय. व्हीलचेअर अडकते तिथं, बरोबर? एकवीस दिवस रोज दोन तास पाणी तुम्ही द्या. रॅम्प मी करतो.”

मॅडमच्या डोळ्यांत बँकेतलं तेज परत आलं. त्यांनी पेन काढलं. पाणी पिण्यासाठी नाही, फक्त स्लॅबसाठी, हे कलम त्यांचं. पाईप गळला तर ठेकेदार जबाबदार, हेही त्यांचंच. वॉचमन साक्षीदार झाला. रावअण्णा वाचून दाखवत होते, मॅडम स्वल्पविराम सुधारत होत्या. तेवढ्यात बाबा एकदम म्हणाले, “थांबा. लिवा की अजून एक. सकाळी शाळेची बस येती त्या वक्ताला पाईप रस्त्यावर नगं. पोरं अडकून पडतील.”

रावअण्णांनी पेन थांबवलं आणि बाबांकडे बघत राहिले. “अण्णा,” ते म्हणाले, “तुम्ही आता मेस्त्री झालात.”

ते कलम लिहिलं गेलं. बाबांनी सही केली, हळूहळू, चौथीत शिकलेल्या अक्षरांत.

संध्याकाळी पाणी आलं. रावअण्णांनी ओंजळीत घेऊन वास घेतला. “स्वल्प वास आहे. पण सिमेंटला नाक नसतं.” मग त्यांनी सगळ्यांना स्लॅबखाली उभं केलं. आईला स्वयंपाकघरात, बाबांना दारात, शेजाऱ्यांना रस्त्यावर. आणि आपली जुनी चार पानं माझ्या हातात दिली. “वाच. मोठ्याने.”

मी वाचलं. पहिल्या कलमापासून सव्विसाव्यापर्यंत. प्रत्येक कलमानंतर आई स्वयंपाकघरातून “सरी” म्हणत होती. उपिटाच्या कलमाला गल्ली हसली. बाविसाव्या कलमाला माझा आवाज अडकला. रावअण्णा म्हणाले, “पाणी लाव घशाला, तुलाही क्युरिंग पाहिजे.” पुन्हा सगळे हसले. मीसुद्धा.

सव्वीस संपली तेव्हा त्यांनी कागद घेतला, हिरवं पेन काढलं आणि खाली लिहिलं: ‘कलम सत्तावीस, बीकॉम. करार मालकाच्या घरच्या भाषेत मोठ्याने वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये, ठेकेदारानेसुद्धा. चूक: ठेकेदाराची. मान्य.’

“अण्णा, चूक माझी होती,” मी म्हणालो. “तसं लिहा.”

“न वाचता सही कुणी केली?”

“पण खोटं मी बोललो.”

“असेल. पण कागद माझा आहे, याच्यावर माझ्याच चुका येतात. तुझी चूक लिहायची तर तू तुझा कागद कर.”

एकवीस दिवस कॉलेजच्या आधी मी पाईप धरला. रावअण्णा रोज मोपेडवरून यायचे, अनवाणी वाफ्यांतून चालायचे, पायाने ओल बघायचे. रॅम्प त्यांनी स्वतः बसून केला, आणि त्याचं काँक्रीट ओलं असताना काठावर एक छोटी पाटी रोवली: ‘हे पाणी पितंय, पाय देऊ नका.’ एकविसाव्या दिवशी त्यांनी आमच्या छताला खालून हातोडीने टकटक केलं, कान दिला आणि हसले. निघताना म्हणाले, “सव्विसावं विसरू नका, अक्का. एका वर्षाने.”

“विसरंन कशी? कागदावर हाय.”

वर्ष झालं. आईने त्या आठवड्यात नवी चहापत्ती आणली, दूध जास्त घेतलं. रावअण्णा आले नाहीत. मी फोन केला, तो बंद होता. एक महिना गेला, दोन गेले. आई म्हणाली, कामात असतील. बाबा म्हणाले, “विसरला असंल. चष्मा कुठं ठेवला ते दुपारी आठवत न्हाई त्याला.” पण दर रविवारी ते गाडीवरून जरा लवकर घरी यायचे, हे माझ्या लक्षात येत होतं. मला मात्र रावअण्णा विसरतील असं वाटत नव्हतं. कागदावरचं ते विसरत नसत.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. चाळिशीची एक बाई उतरली. बाबांनी “या” म्हणेपर्यंत ती आत आली आणि तिने आधी वर बघितलं. एक कोपरा, दुसरा कोपरा, पंख्याचा हुक. मग भिंतीवरून सावकाश नजर खाली आणली. तिच्या काखेत एक्स-रेचा पिवळा लखोटा होता.

“मी सुधा. माधोजीरावांची मुलगी, येलहंक्याला असते,” ती म्हणाली. “उशीर झाला, माफ करा. अप्पा गेले. दिवाळीच्या आधी. सकाळी चहा पिता पिता गेले, काही त्रास झाला नाही.”

आई खाली बसली. बाबा खुर्ची पुसत राहिले, पुसलेलीच पुन्हा.

सुधाताईंनी लखोट्यातून आमचा करार काढला. वर्षाची भेट राहिलेली सात घरं होती. रावअण्णांनी त्यांची यादी करून ठेवली होती. त्या स्वतः नकाशे काढायचं काम करतात, आता वडिलांची माणसंही सांभाळतात. आमचं घर पाचवं. हातोडीने त्यांनी ठिकठिकाणी छत वाजवलं, कान दिला, गच्चीवर जाऊन आल्या. “छान आहे. कुठं चीर नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “तुम्हीच बीकॉम ना? आमच्या नव्या छापील करारात सत्ताविसावं कलम आहे. लोक विचारतात, बीकॉम कुठलं गाव?”

आईने चहा आणला. सुधाताईंनी मला सव्विसावं कलम वाचायला सांगितलं. मी मोठ्याने वाचलं. “सरी,” आई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. सुधाताईंनी निळ्या पेनाने खूण केली, कप रिकामा केला आणि कागद लखोट्यात घालायला घेतला.

बाबांनी तो कप त्यांच्यासमोरून उचलला आणि आईकडे दिला.

“बस, पोरी,” ते म्हणाले. “कागदावर एकच चहा हाय. दुसरा माझ्या शब्दावर.”